सात सक किती? – वेबपान बांधण्याच्या स्वयंअध्ययनाचा इतिहास

लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरुड हे बाजारपेठेचे मोठे गाव आहे. अशा गावातील नववी-दहावीच्या एखाद्या विद्यार्थ्याला वाटले, की आपण मोबाइलवर जी पाने पाहतो, ज्यांतील बटणे दाबतो, तशी पाने आपल्यालाही तयार करता यावीत, तर त्याने काय करावे? गावात हा विषय शिकवणारे कोणी असेलच असे नाही. मात्र शिकण्याचे साहित्य फुकट आणि अमाप उपलब्ध आहे. मग तो स्वतःच्या स्वतः, आपल्या गतीने हे शिकू शकेल का?

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे झटपट उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. आपण जरा इतिहासाकडे पाहू. वेबपाने बांधण्याची विद्या ही गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील अशी विद्या आहे, की जी सुरुवातीच्या काळात बहुतेकांनी वर्गाबाहेरच आत्मसात केली. ती कशी केली, कोणाला जमली आणि कोणासाठी अवघड राहिली, हे समजले तर आपल्या विद्यार्थ्याला काय सांगावे हेही कळेल.

एकाच गतीचा वर्ग

‘ज्याची त्याची गती’ हा विचार संगणकापेक्षा जुना आहे. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत एकाच खोलीत निरनिराळ्या वयाची मुले बसत. पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवी, आणि धूळपाटीवर अक्षर गिरवून, पुसून पुन्हा गिरवता येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमाचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळांतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली. मुलांनीच मुलांना शिकवण्याच्या पद्धतीवर त्यांनी १७९७ मध्ये पुस्तक लिहिले आणि ती पद्धत इंग्लंडला नेली.

पुढे विसाव्या शतकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. त्यांना दोन दोष जाणवले. एक, सर्व मुलांना एकाच गतीने पुढे जावे लागत होते. दुसरा, सोडवलेले गणित बरोबर की चूक हे मुलाला ताबडतोब कळत नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शिकवणारे यंत्र’ दाखवले. त्यात प्रश्न येई, मूल उत्तर देई आणि लगेच निकाल कळे. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी हेच काम संगणकाकडून करून घेणारी ‘प्लेटो’ ही यंत्रणा सुरू केली. १९७२ च्या सुमारास तिच्या पडद्याला बोटाने स्पर्श करून उत्तर देता येऊ लागले.

फ्रेड केलर यांनी १९६८ मध्ये ‘गुडबाय, टीचर’ अशा शीर्षकाचा एक लेख लिहिला. विषयाचे लहान घटक पाडावेत, प्रत्येकाने आपल्या गतीने घटक पुरा करावा आणि तो पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, अशी त्यांची योजना होती. शीर्षक पाहून वाटते, की त्यांनी शिक्षकाला रजा दिली. प्रत्यक्षात त्यांच्या योजनेत प्रत्येक घटकाची चाचणी तपासून विद्यार्थ्याशी बोलणारा एक थोडा पुढे गेलेला विद्यार्थी असे. म्हणजे पंतोजींच्या शाळेतील जुनीच व्यवस्था! या पद्धतीवर पुढे बरेच संशोधन झाले. १९९० मध्ये कुलिक आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. या पद्धतीत परीक्षेतील गुण वाढतात; पण गती पूर्णपणे विद्यार्थ्यावर सोपवली, तर अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण अनेकदा घटते, असे त्यात दिसले. या दोन निष्कर्षांची आपल्याला पुढे गरज पडणार आहे.

पाढ्याचे एक पान

आता वेबपानाकडे वळू. समजण्यास सोपे जावे म्हणून एकच उदाहरण घेऊ. आपल्याला असे पान करायचे आहे, की ज्यावर ‘सात सक किती?’ असा प्रश्न दिसेल, खाली उत्तर लिहिण्याची चौकट असेल, आणि बटण दाबल्यावर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे उत्तर येईल.

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. १९९१ च्या सुमारास एचटीएमएल या खुणांच्या भाषेत जेमतेम अठरा खुणा होत्या. ‘हे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘ही यादी’, ‘हा दुसऱ्या पानाचा दुवा’ एवढेच त्या खुणांनी सांगता येई. अठरा खुणा कोणीही दोन दिवसांत शिकेल. परंतु या भाषेत आपला प्रश्न फक्त छापता येई. उत्तर घेता येत नसे.

१९९३ मध्ये त्याच इलिनॉय विद्यापीठातील मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी मोझाइक हा चित्रे दाखवणारा ब्राउझर आणला. वर्षअखेरीस त्यात अर्जाच्या चौकटी भरण्याची सोय झाली. आता उत्तर लिहिता येई, पण ते तपासण्यासाठी दूरच्या संगणकाकडे पाठवावे लागे आणि तेथून पूर्ण नवे पान परत येई. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे फार तर एक किलोबाइटच्या आसपास मजकूर येई. तीस किलोबाइटचे पान उतरायला अर्धा मिनिट लागे. दहा पाढे विचारायचे तर पाच मिनिटे नुसती वाट पाहण्यात जात. शिवाय सेवा सुरुवातीला मोजक्या महानगरांतच होती. लहान गावातून जोडायचे तर एसटीडीचा खर्च वेगळा.

त्याच वर्षी यावर उपाय निघाला. नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला आराखडा तयार केला. डिसेंबरमध्ये ती ‘जावास्क्रिप्ट’ या नावाने जाहीर झाली. या भाषेतील सूचना पानाबरोबरच वाचकाच्या संगणकावर येतात. बटण दाबणे ही एक ‘घटना’. ती घडली, की चौकटीतील मजकूर वाचायचा, तो ४२ शी ताडून पाहायचा आणि पानावरील एका ओळीत निकाल लिहायचा. दूरच्या संगणकाला विचारण्याची गरजच उरली नाही. स्किनर यांना जे यंत्र लागले, ते आता दहा-पंधरा ओळींत लिहिता येऊ लागले. १९९६ च्या डिसेंबरात सीएसएस या रूपसजावटीच्या नियमांची पहिली आवृत्ती प्रमाणित झाली. रचना एचटीएमएलची, रूप सीएसएसचे आणि वागणूक जावास्क्रिप्टची, ही वाटणी आजही कायम आहे.

‘स्रोत पाहा’ – एक न छापलेले पाठ्यपुस्तक

ही विद्या इतक्या लोकांना वर्गाशिवाय कशी आली? याचे एक मोठे कारण ब्राउझरच्या यादीतील एका लहानशा सोयीत आहे. मोझाइकच्या काळापासून ब्राउझरमध्ये ‘स्रोत पाहा’ ही सोय आहे. समोरचे पान आवडले, की ते ज्या खुणांनी बनले आहे त्या जशाच्या तशा पाहता येतात. त्या आपल्या संगणकावर उतरवायच्या, एक रंग बदलायचा, एक शब्द बदलायचा आणि पान पुन्हा उघडायचे. झालेला बदल क्षणात दिसतो. बिघडले तर पुसायचे. ही धूळपाटीच होय. शिवाय ब्राउझरचा स्वभाव क्षमाशील आहे. एखादी खूण बंद करायची राहिली तरी तो जमेल तेवढे पान दाखवतो. त्या काळी संगणकवर्गात शिकवल्या जाणाऱ्या पास्कल किंवा सी या भाषांत एक अर्धविराम चुकला तरी सारे काम अडून बसे. नवशिक्याला हा फरक फार मोठा असतो.

म्हणजे येथे शिक्षक नव्हता असे नाही. दुसऱ्याचे उघडे ठेवलेले काम हाच शिक्षक होता. सुताराच्या दुकानात बसून पाहत पाहत शिकावे, तसे हे शिकणे होते.

मराठी पानाची अडचण

मात्र या उघड्या पुस्तकातील मराठी पाने वाचता येत नव्हती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये निश्चित झाले होते. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्राद्वारे संगणकावर देवनागरी आणली होती. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागाही मिळाली होती. परंतु त्या काळच्या सामान्य संगणकांना आणि ब्राउझरांना यातील काहीच उमगत नसे. म्हणून मराठी संकेतस्थळे एक युक्ती करीत. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेला फाँट वापरीत. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. फाँट असेल तर पान मराठी दिसे, नसेल तर रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसे.

आता विचार करा. १९९८ साली इंग्रजी पानाचा ‘स्रोत’ उघडणाऱ्या मुलाला खुणांच्या मधोमध ओळखीचे शब्द दिसत. कोणती खूण कोणत्या शब्दाला लागली हे तो ताडून पाहू शके. मराठी पानाचा ‘स्रोत’ उघडणाऱ्याला मात्र खुणाही परक्या आणि मजकूरही अगम्य. पडद्यावर ‘गुण’ असा शब्द दिसतो आहे, पण स्रोतात तो कोठे आहे हेच सापडत नाही. स्वयंअध्ययनाची जी वाट जगाला मोकळी होती, ती आपल्या भाषेत अशी बंद होती.

ती हळूहळू उघडली. विंडोज २००० मध्ये युनिकोडप्रमाणे चालणारा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आला. तो सुप्रसिद्ध अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तरीही मराठीची काही खास अक्षरे मागाहून आली. ‘ॲप’ या शब्दातील ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये.

एक अडचण तर आजही प्रत्येक मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. आपल्या पाढ्याच्या पानात मुलाने चौकटीत ‘४२’ असे देवनागरी अंकांत उत्तर लिहिले, तर जावास्क्रिप्टला ती संख्या वाटत नाही. तिला फक्त रोमन वळणाचे अंक संख्या म्हणून ओळखता येतात. उत्तर बरोबर असूनही पान ‘चूक’ म्हणते! यावरचा उपाय अवघड नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ हे अंक ओळीने मांडलेले आहेत. म्हणून प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला, की त्याची किंमत मिळते. दोन-तीन ओळींचे काम आहे. पण ही गोष्ट इंग्रजी पाठांत सहसा आढळत नाही, कारण ती लिहिणाऱ्याला ही अडचण कधी आलेलीच नसते. उलट एक सोय मात्र अनेकांना माहीत नसते. जावास्क्रिप्टचे ठरावीक शब्द इंग्रजी असले, तरी आपण ठेवायची नावे देवनागरीत चालतात. ‘गुण’ नावाच्या जागेत गुण साठवता येतात.

पान मोठे झाले, पुस्तक मिटले

पुढचा टप्पा २००५ च्या आसपासचा. पान तसेच ठेवून पार्श्वभूमीवर दूरच्या संगणकाशी थोडीशी देवघेव करण्याचे तंत्र १९९९ पासून होते. गूगलच्या जीमेल (२००४) आणि नकाशांनी (२००५) त्याची ताकद दाखवली, आणि जेसी जेम्स गॅरेट यांनी त्याला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. आता आपल्या पाढ्याच्या पानाला, प्रश्न हलू न देता, मुलाचे गुण शाळेच्या नोंदीत पाठवता येऊ लागले. २००६ मध्ये जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीने निरनिराळ्या ब्राउझरांतील भेद झाकून हे काम सोपे केले. २०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट ही प्रणाली खुली केली. तिची विचारपद्धती वेगळी आहे. ‘बटण दाबले, की अमुक ओळ बदल’ असे एकेक सांगण्याऐवजी ‘गुण इतके असतील तर पान असे दिसावे’ असे सांगायचे. गुण बदलले, की पडदा आपोआप त्याप्रमाणे होतो.

मोठ्या कामाला हे फार उपयोगी आहे. परंतु याची एक किंमत मोजावी लागली. आजच्या मोठ्या संकेतस्थळाचा स्रोत उघडला तर मोकळ्या जागा काढून, नावे आखडून दाबून बसवलेल्या हजारो अक्षरांची भिंत दिसते. १९९५ चे उघडे पाठ्यपुस्तक मिटले. त्याची जागा तयार पाठांनी घेतली. नॉर्वेतून चालणारे डब्ल्यू-थ्री-स्कूल्स हे संकेतस्थळ १९९८ पासून आहे, मोझिलाचे संदर्भपाठ २००५ पासून, फ्री-कोड-कॅम्प २०१४ पासून. साहित्य वाढले, पण पाहून शिकण्याऐवजी क्रमाने शिकणे आले, आणि त्याबरोबर केलर यांचा जुना प्रश्नही आला. मध्येच सोडणाऱ्यांचे काय? २०११ मध्ये स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांना खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवले; तो पुरा करणारे २३ हजारांच्या आसपास होते.

भिंतीतील संगणक आणि दहा मिनिटांचे पाठ

आपल्या देशात याच काळात दोन निराळे प्रयोग झाले. जानेवारी १९९९ मध्ये सुगत मित्र यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एनआयआयटी कंपनीच्या भिंतीत एक संगणक बसवला. वस्तीतील मुले कोणी न शिकवता तो वापरू लागली. पडद्यावरील बाणाला त्यांनी ‘सुई’ म्हटले आणि ‘थांबा’ सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. पुढे इतर राज्यांबरोबर आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही अशी केंद्रे झाली. मुले गटाने, एकमेकांचे पाहून पुष्कळ शिकतात हे या प्रयोगाने ठळकपणे दाखवले. पण दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पायल अरोरा यांनी उत्तराखंडातील अल्मोडा आणि हवलबाग येथील केंद्रे बंद पडल्याचे पाहिले आणि २०१० मध्ये त्यावर लेख लिहिला. यंत्र बसवणे सोपे. त्याभोवती माणसे टिकवणे अवघड.

दुसरा प्रयोग मुंबईच्या आयआयटीचा. केंद्र सरकारच्या २००९ मधील शिक्षणविषयक तंत्रज्ञान मोहिमेतून प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. लिनक्स, पायथन, जावा, पीएचपी अशा मुक्त साधनांवरील सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे पाठ आहेत. पडद्यावर इंग्रजी आज्ञावली दिसते आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकू येते. पडद्याच्या एका भागात पाठ आणि शेजारी प्रत्यक्ष साधन उघडून, पाठ थांबवत थांबवत करून पाहायचे, अशी पद्धत आहे. पाठ उतरवून घेतला, की इंटरनेटशिवायही चालतो. मला यातील सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक कामाची रीत. पाठाची संहिता ध्वनिमुद्रणापूर्वी एका नवशिक्याला दिली जाते. त्याला ती वाचून काम जमले, तरच ती पक्की होते. जाणकाराला सोपे वाटणारे वाक्य नवशिक्याला कोठे अडवते, हे नवशिक्याच सांगू शकतो.

लातूरची रीत आणि स्वतःची गती

मुरुड ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रात ‘लातूर पॅटर्न’ने गाजले. नेमके वेळापत्रक, पुन्हापुन्हा चाचण्या, चुकांची लगेच उजळणी आणि शंका विचारायला समोर शिक्षक, हे त्याचे स्वरूप. वरवर पाहता स्वयंअध्ययन हे याच्या अगदी उलट. एकात सर्वांची गती एक, दुसऱ्यात ज्याची त्याची. म्हणून या वातावरणात वाढलेल्या मुलाला स्वयंअध्ययन जमणार नाही, असे काही जण म्हणतात. वर सांगितलेला इतिहास तसे सांगत नाही. वारंवार चाचणी आणि तत्काळ निकाल हे स्किनर आणि केलर यांच्याही योजनेचे प्राण होते. लातूरच्या रीतीतील हा भाग जसाच्या तसा उचलता येतो. बदलायचे ते एवढेच, की परीक्षेची तारीख विद्यार्थ्याच्या तयारीनुसार ठरावी आणि उत्तर पाठ असण्याऐवजी पान चालते की नाही हा निकष असावा.

यात पणाला काय लागले आहे, तेही पाहा. वर्गातून मूल गळाले, तर हजेरीपटावर दिसते. स्वयंअध्ययनातून गळाले, तर त्याची नोंद कोठेच होत नाही. ४२ लिहूनही ‘चूक’ आले, त्याचे कारण समजले नाही, विचारायला कोणी नाही. मग तो मुलगा ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवून मोकळा होतो. दोष जावास्क्रिप्टच्या अंकओळखीचा असतो, पण तो स्वतःला देतो. या ठिकाणी शिक्षक लागतो. त्याला जावास्क्रिप्ट यायलाच हवी असे नाही. ‘तू काय लिहिलेस, काय होईल असे वाटले होते आणि काय झाले?’ हे तीन प्रश्न विचारता आले, तरी बहुतेक गाठी सुटू लागतात.

आज तर यंत्राला मराठीत सांगितले, तरी ते पाढ्याचे पान क्षणात लिहून देते. मग शिकायचे कशाला, असे विद्यार्थी विचारतील. लिहून मिळालेले बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी ते वाचता यावे लागते. किंबहुना यंत्राकडून मिळालेल्या पंधरा ओळी एकेक करून बदलून पाहणे, हा मिटलेल्या ‘स्रोत पाहा’चा नवा धडा होऊ शकेल.

शाळेत सुरुवात करायला फार काही लागत नाही. एक जुना संगणक, त्यातील साधा मजकूर-लेखक आणि कोणताही ब्राउझर पुरतो. इंटरनेट नसले तरी चालते. आठवड्यातून एक ठरलेला तास ठेवावा. कामाचे लहान घटक करावेत: पहिल्या आठवड्यात नुसता प्रश्न दाखवणे, दुसऱ्यात रंग आणि आकार, तिसऱ्यात बटण, चौथ्यात निकाल, पाचव्यात देवनागरी अंक. घटक पुरा केलेल्याने पुढचा सुरू करण्याआधी मागच्या एकाला मदत करावी. अडले कोठे, सुटले कसे, याची वही ठेवावी. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडेल. आणि पान तयार झाले, की ते चौथीच्या वर्गात न्यावे. एखाद्या मुलाने आपल्या अंकांत ‘४२’ लिहिले आणि पानाने ‘बरोबर’ म्हटले, तर घटक पुरा झाला असे समजावे.